वरच्या पट्ट्या

१२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तुझ्या बायकोने दिलेलं तेल गुडघ्याला लागू पडलंय.

तुमचं वाद्यसंग्रहालय डोळ्यांपुढून हलत नाही. काचेआडच्या त्या बासऱ्या, आणि दोरीपलीकडचा दीडशे वर्षांचा पियानो. त्याचे सूर वीस वर्षं दर महिन्याला तू लावतोस, हे दारापासून तिथवर तीनदा सांगितलंस.

तोंडावर बोलायला धीर झाला नाही ते आता लिहिते. तू सूर लावून उठलास आणि तिथल्या प्रमुख बाईंनी लगेच वाजवून दाखवलं, तेव्हा वरच्या पट्ट्या बेसूर होत्या. तू मात्र मान डोलावत होतास. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलंय मी, माझी चूक होणार नाही. कान तपासून घे रे राजा. रागावलास तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उचलली जीभ लावली टाळ्याला. बाहत्तराव्या वर्षी कान कोणाचे तपासायचे, ते आधी ठरव. बाईंचे कान भलते तिखट आहेत. काही असतं तर त्या बोलल्या नसत्या का? लोभ आहेच, म्हणून इतक्यावरच थांबतो.

तुझा धाकटा

७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गप्प आहेस, ते बरोबरच आहे. कान तपासले. वरचे बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत. वयाचं आहे, औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले.

काल सूर लावायची किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याच्याने आता होणार नाही म्हणून सांगितलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत. दोन वर्षं त्यांना ठाऊक होतं. मी घरी गेलो की वरच्या पट्ट्या त्या स्वतः पुन्हा लावत. त्या दिवशी मी तुला घेऊनच गेलो आणि बाईंना लगेच वाजवायला लावलं, त्यामुळे त्यांना वेळ मिळाला नाही.

किल्ली त्यांनी परत माझ्या हातात दिली. खालच्या पट्ट्या त्यांना माझ्यासारख्या जमत नाहीत म्हणे. आता खालच्या मी, वरच्या त्या, एकाच बाकावर बसून. लाजेने मरायला हवं होतं, पण घरी येऊन पोटभर जेवलो.

खरं सांगू का ताई, माझ्याही मनात पाल चुकचुकत होतीच. तुला तिथे नेलं ते मिरवायला नव्हे. खरं काय ते तू एकटीच सांगशील म्हणून नेलं. तू सांगितलंस, तर तुझ्यावरच डाफरलो. तेवढं पोटात घाल आणि लोभ होता तसाच ठेव.

तुझा धाकटा