यंदाची चारं

७ एप्रिल
ऊर्जानगर. नवरोबा ड्युटीवरून येताना पानाच्या दोन्यात चारं, म्हंजे चारोळीची फळं, घेऊन आला. काळी, टपोरी. सहावा महिना हाय अन् मले डोहाळे याचेच. तरी दोना फ्रिजवर ठेवून देला.
"काऊन नाई खाऊन राह्यली?"
"गावात पंडुम झाला नाई अजून."
पंडुम म्हंजे नव्या फळाचा सण. त्यात देवाले पह्यलं फळ वाहिल्याबिगर आमच्यात नवं चार तोंडात घालत नाई. लग्न होऊन बाहेर गेलेल्या पोरीले घरून फोन येते, मंग तिनं खायचं. माह्या लग्नाले दोन उन्हाळे झाले. परजातीत गेली म्हणून बाबा बोलत नाई. फोन नाई, तं चार बी नाई. मी बी बाबाचीच पोरगी.

१० एप्रिल
सासूबाईनं श्रीखंड केलं, वर चारोळी. कुठल्या जंगलातली, कधी तोडली, कोणाले माहीत? वेचून बाजूले काढली.
"काऊन वो, खडे हायेत का त्यात?"
सांगितलं मंग. तं तिनं माह्यासाठी चारोळी नसलेली वाटी भरून आणली. बाई चांगली हाय, जीभच तेवढी तिखट.

१५ एप्रिल
दादाचा फोन! टेकडीवर चढला तरच रेंज. पोटातल्याचं सांगितलं, तं हसतच सुटला. म्हणे, "आपल्या वावरातल्या चाराले यंदा लय फळ हाय. लोक कच्चंच तोडून राह्यले. बाबा दिवसभर झाडाखाली बसते राखत."
"माह्याबद्दल काई?"
"सांगतो त्याले. ऐकन का नाई, माहीत नाई."
उन्हाळ्यात सारं जंगल उघडं पडते, ते झाड तेवढं हिरवंगार. पह्यल्या फांदीपर्यंत बाबाच उचलून देत होते मले. लय रडली आज. घरी जायचं हाय मले, बस.

२२ एप्रिल
काई नाई. फ्रिजवरची चारं सुकून गेली. फेकवत नाई.
बाजूवाली म्हणे, डोहाळे मारू नाई, लेकराचा कान फुटते. तोंडावर हसली मी. घरात आल्यावर भेव वाटलं.

२९ एप्रिल
दुपारी दादाच्या नंबरवरून फोन. वाऱ्याचा आवाज, अन् कोणाले तरी दम लागलेला. दादा नव्हता. बाबा! दुखऱ्या गुडघ्यानं टेकडी चढले...
"झाला पंडुम. खा."
"बाबा, येऊ का मी?"
कट. मंग लावला, लावला, लागतच नाई. रेंज गेली का त्यायनंच ठेवला? कोणाले विचारू?
सुकलेलं चार तोंडात टाकलं. चिवट झालं होतं, पण गोड. बी खलबत्त्यात फोडून चारोळी खाल्ली. दोन वर्षांनी.
नवरोबा विचारते, "मंग, बॅग भरायची का?"
फोन चार्जिंगले लावला अन् त्याच्यापाशीच बसून हाय.