रविवारी फुटणाऱ्या वाडग्याबाबत

दि. १२ नोव्हेंबर

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
परदेशी विद्यार्थी कक्ष,
मिनाकुरा विद्यापीठ, जपान

विषय : यजमान कुटुंब रविवारपूर्वी बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ३ चा अर्ज व त्यावरील आपले उत्तर ("यजमान फार माया करतात, ही तक्रार होत नाही").

महोदय,

मी मंगोलियाची, रसायनशास्त्राची पदवीधर. एप्रिलपासून त्सुकामोतो दांपत्याकडे राहते; त्यांना आई-बाबा म्हणते. मागील अर्जात मी मनातले लिहिले, ही चूक झाली. या वेळी फक्त निरीक्षणे देते.

१. घरात प्रत्येकाचा भाताचा वाडगा वेगळा. पहिल्याच संध्याकाळी मला निळ्या काठाचा मिळाला. घरचीच मानतात, म्हणून आनंद झाला. पण त्याच्या काठावरची झीज जुनी, निदान दहा वर्षांची आहे.

२. तो त्यांच्या मुलीचा, चिसातोचा. सात वर्षांपूर्वी ती समुद्रात गेली, सापडली नाही. ती डावखुरी होती. जूनपासून माझ्या चॉपस्टिक्सची टोके, डावखुऱ्यांसाठी करतात तशी, उजवीकडे करून मांडली जातात. मी आता डाव्या हाताने जेवते.

३. येत्या रविवारी तिचा अंत्यविधी आहे. शवपेटी दाराबाहेर पडताच मृताचा वाडगा फोडतात, म्हणजे त्याने जेवायला परतू नये, हे आपण जाणताच. येथे शव नाही. बाबा मला म्हणाले, "रिकामी पेटी नेऊन काय होतं, पोरी? तिचा कोट घाल, फाटकाबाहेर चालत जा. मागे तेवढं वळून बघू नकोस."

४. वाडगा फुटल्याने माणसाला काही होते, असे मी मानत नाही. म्हणून आईंना एवढेच विचारले, की सोमवारपासून मी कशातून जेवू? त्या भांडी पुसत होत्या. "सोमवारी?" त्या म्हणाल्या, "सोमवारी आम्ही दोघंच की गं."

काल माझे कपडे नीट घड्या करून खोक्यात भरलेले आढळले. खोक्यावर चिसातोचे नाव आहे.

तरी शनिवारच्या आत मला कोठेही, प्रयोगशाळेतील बाकावरसुद्धा, जागा द्यावी. आईंचा आपणांस फोन येईल. त्या गोड बोलतात. कृपया सोबतची वस्तू त्यांना परत देऊ नये.

शनिवारपर्यंत तरी आपली विद्यार्थिनी,
ओयुन्दारी गानबात

सोबत :
१. मागील अर्जाची प्रत
२. खोक्याचे छायाचित्र
३. निळ्या काठाचा वाडगा, टॉवेलात गुंडाळलेला. दोन्ही हातांनी उचलावा.