राजीखुशीने

वर्धा,
दसऱ्याचा दुसरा दिवस, २००८

प्रिय दादा,

काल सोनं द्यायला मी आंजीला आले नाही, तेव्हा तुला वाटलं असेल, रूपालीला सुट्टी मिळाली नसेल. सुट्टी होती. पायच निघाला नाही. फोनवर भांडले असते, पण आपलं भांडण म्हणजे तू ओरडणार, मी रडणार आणि शेवटी वहिनी चहा आणणार. या वेळी मला रडायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं काम काय, हे तुला कधी नीट ठाऊकच नव्हतं. गावभर सांगतोस, आमची रूपाली कोर्टाजवळ टायपिंग करते. टायपिंग नाही रे बाबा! आमच्या ऑफिसात दस्त तयार होतात. भाडेकरार, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र. मजकूर तोच, फक्त नावं, गाव आणि गट नंबर बदलतात. मी नेटवरून एक फुकटची लायब्ररी उतरवली, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रामचा तयार संच, आणि तिच्या जोरावर माझा प्रोग्राम लिहिला. वर्डमध्ये एक नमुना करून ठेवायचा, बदलत्या जागी कंसात खुणा घालायच्या. प्रोग्राम यादीतली नावं उचलतो, खुणांच्या जागी भरतो आणि नवी फाइल काढून देतो. सुरुवातीला वेलांट्या अक्षर सोडून पळायच्या. लायब्ररीला मराठी कुठून ठाऊक! कितीतरी रविवार घालवून तेही जमवलं.

सगळ्यात जास्त डोकं हक्कसोडपत्रात घातलं. बाप गेला की बहिणींनी कचेरीत यायचं, सही करायची आणि वावर भावाच्या नावे सोडून द्यायचं, ही तर आपल्याकडची रीतच. कोणाला एक बहीण, कोणाला पाच. म्हणून अशी सोय केली, की यादीत जितक्या बहिणी तितक्या वेळा तो परिच्छेद आपोआप उमटेल. त्यात एक वाक्य आहे, ‘मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय माझा हक्क सोडत आहे.’ तिथे मी खूण घातलीच नाही. ते सगळ्यांना सारखंच. साहेबांनी शाबासकी दिली होती आणि मी ऑफिसभर पेढे वाटले होते.

तू मोठी हुशारी केलीस. वर्ध्याचा वकील नको, रूपालीच्या कानावर जाईल, म्हणून पुलगावचा धरलास. अरे शहाण्या, त्याचेही मसुदे आमच्याच ऑफिसातून निघतात! तो माहिती ई-मेलने पाठवतो, आमची रक्षा ती यादीत भरते, मी प्रोग्राम चालवते आणि एकेक फाइल उघडून वेलांट्या तपासते. मागल्या सोमवारी तशीच तपासत होते. मौजा आंजी मोठी. कै. बबनराव. वाटलं, असेल कोणी बाबांच्या नावाचा. खाली परिच्छेद एकदाच उमटला होता आणि त्यात मी होते. वय, नवऱ्याचं नाव, वर्ध्याचा पत्ता, सगळं बरोबर. मी राजीखुशीने माझा हक्क सोडत आहे म्हणे! माझ्याच हातच्या नमुन्यात मला भरून टाकलंस, दादा, आणि मला पत्ता नाही. रक्षाने विचारलं, ताई, बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं.

तो कागद मी त्याच दिवशी पुलगावला पाठवून दिला. अडवून ठेवला नाही. कामात मी बेइमानी करत नाही.

तूच ना रे तो? पोरीच्या जातीले काम्पुटर कायले पाह्यजे म्हणून बाबा अडून बसले होते, तेव्हा तूच त्यांच्याशी भांडलास. लुनावर मागे बसवून मला क्लासचा फॉर्म भरायला वर्ध्याला आणलंस. मध्येच पंक्चर झाली तर गाडी ढकलत आणलीस, आणि वर मलाच म्हणालास, पास नाही झालीस तर चालत घरी पाठवतो. असा भाऊ कोणाला मिळतो म्हणून मी सासरी किती मिरवलं असेल!

आणि वावराचं म्हणशील, तर मले ते डोक्यावर घेऊन कुठं जायचं आहे? घरी येऊन नुसतं म्हणाला असतास, रूपे, असं असं आहे, सही देजो, तर चहा उकळायच्या आत दिली असती. मग काऊन नाई विचारलं? मी नाही म्हणेन अशी भीती वाटली, तर तू मला ओळखलंच नाहीस. आणि विचारायची गरजच वाटली नसेल, तर मग बोलायलाच नको. आता विचारलंस तर मात्र मी सही देणार नाही. वावर पाहिजे म्हणून नाही. तू चोरून घ्यायला निघालास म्हणून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तो कागद दिसायच्या आधीच आईचा फोन आला होता. भाऊबीजेले येजो म्हणाली, आन येतानी तुये दोन फोटो आनजो, राशन कार्डाले लागते. लग्न झालेल्या पोरीचा फोटो माहेरच्या राशन कार्डाला कशाला लागतो, दादा? तो लागतो हक्कसोडपत्राला. तेव्हा मी हसले, आई भोळी आहे म्हणून. आता रोज तोच फोन आठवतो. तू तिलाही तसंच फसवलंस, की तिला ठाऊक होतं? तिला विचारायची माझी छाती नाही. ती हो म्हणाली तर मी उभी कुठं राहू? म्हणून तुला विचारते. बाबांची आण आहे, खरं तेच लिहिजो. तिला ठाऊक नसेल तर भाऊबीजेला मी येते. तिच्यासमोर तू मला विचार, आणि तिच्यासमोरच मी नाही म्हणेन. ठाऊक असेल तर फक्त तारीख कळव. कचेरीत येऊन सही करून जाईन, एक शब्द बोलणार नाही. मग वावर तुझं, घर तुझं, आणि आईही तुझी.

उत्तर येईपर्यंत तरी तुझीच,
रूपाली