अध्याय कुठे थांबवावा

बाबा, पोथी वाचायला शिकवताना तुम्ही मला दोन नियम घालून दिले होते. अशुभ जागी अध्याय थांबवायचा नाही, हा पहिला. वियोग, शाप, मृत्यू आला तर पुढे वाचत जायचे आणि श्रोत्यांना सुखाच्या ठिकाणी आणून सोडल्यावरच पोथी बांधायची. दुसरा, कथेतले अक्षर बदलायचे नाही. ढाणकीच्या देवळात तुमचे वाचन चालायचे आणि इकडे माय चुलीपाशी वाट पाहत बसायची. एकदा फारच उशीर झाला तेव्हा ताट वाढताना ती म्हणाली, "तुमचा राजा सुखरूप घरी पोचला, माह्या भाकरी मात्र वनवासात गेल्या." तुम्ही हसलात. पण शेजारच्या बायका वाचन ऐकता ऐकता रडू लागल्या म्हणून मी मेलेला राजपुत्र जिवंत करून टाकला, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. "कथा तुझ्या मालकीची नाही," एवढेच म्हणालात, आणि पुढे कितीतरी दिवस मला पोथीला हात लावू दिला नाहीत. हे दोन नियम कधी एकमेकांच्या आड येतील, असे तेव्हा तुम्हालाही वाटले नसेल.

तुमची पणती, माझ्या मुलाची मुलगी, बाळंतपणासाठी उमरखेडला आमच्याकडे आली. गेल्या वर्षी तिचे मूल पोटातच गेले होते. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उतरायचीही मनाई केली. मी रीतीप्रमाणे पोथी काढली. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आजी, पोथी नको. मागच्या खेपेले रोज ऐकत होती न मी." मी पोथी पुन्हा फडक्यात बांधली आणि ती मोबाईलवर जे पाहत होती, तेच पाहत तिच्या उशाशी बसले.

ती एक चिनी मालिका होती, बोलणे हिंदीत केलेली. हिमशिखराचा अधिपती असलेला एक देव, आणि त्याच्या पायथ्याशी उगम पावलेली, माणसाच्या रूपात हिंडणारी एक नदी. प्रेम केले तर तो वितळणार, असा शाप. पहिले दोन दिवस मी नाक मुरडले, हे कबूल करते. मग मात्र ते पायघोळ शुभ्र वेश, ती तपश्चर्या, स्वर्गातून भूलोकी होणारे पतन, सारे इतके ओळखीचे वाटू लागले की परक्या देशात माहेरचे माणूस भेटावे. ती दोघे एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत. तो चहाचा पेला पुढे सरकवतो आणि ती त्यावरून उठणाऱ्या वाफेकडे पाहते, बस्स. आमच्या काळजाचे मात्र पाणी होते. "आता हिची स्मृती जाणार," मी म्हणते, आणि तसेच घडते. पोरगी डोळे मोठे करते. "आजी, तू चोरून आधीच पाह्यली काय?" सून दारातून म्हणते, "आत्याबाई, जपाची माळ खाली पडली तुमची. केव्हाची पडून हाये." गेल्या वर्षानंतर त्या खोलीत प्रथमच कुणीतरी हसत होते, म्हणून मी माळ लगेच उचलली नाही.

शेवटचा एकच भाग उरला होता. आधीच्या भागाच्या अखेरीस नदी आटलेली आहे, ती निपचित पडली आहे, आणि तो देव शिखर सोडून कोरड्या पात्रात उतरतो. त्याच्या हाताला तडा जातो. तिथेच पडदा काळा झाला. तुमचा नियम आठवून मी पुढचा भाग लावायला सांगणार, तोच पोरीने पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग म्हणाली, "आजी, हलून नाही राह्यलं."

दवाखान्यात जाताना गाडीत मी स्तोत्र म्हणू लागले तर तिने माझे मनगट धरले. "ते नको. तो वाचते काय, ते सांग." मी म्हटले, पाहून सांगते. डॉक्टरीणबाईंनी तपासले, ठोके मंद आहेत म्हणाल्या, आणि शस्त्रक्रियेची तयारी सुरू झाली. सून कोपऱ्यात देवाचे नाव घेत होती. मी बाकावर बसून, तिचा मोबाईल डोळ्यांपुढे धरून, चिनी मालिकेचा शेवटचा भाग पाहत होते. बाबा, मला जो दिसेल तो शेवट मी तिला सांगणार होते, आणि तो शुभ असावा म्हणून मी त्या परक्या लेखकाची मनोमन विनवणी करीत होते.

तो वाचत नाही. वितळून नदीत मिसळतो. नदी वाहू लागते, पण तो कोण होता हे तिला आठवत नाही. शेवटी नुसते काळे, उघडे शिखर. त्यापुढे वाचायला पानच नव्हते.

तिला स्ट्रेचरवरून आत नेत होते. दाराशी तिने मान वळवली. "आजी?"

"परत आला तो," मी म्हटले. "नदीची वाफ वर गेली, शिखरावर पुन्हा बर्फ पडले, आणि तिने त्याला बरोबर ओळखले."

"खरं?"

"मी कधी अक्षर बदलते काय?"

दार बंद झाले. त्यानंतर मूल रडल्याचा आवाज येईपर्यंत मी जपही केला नाही; ज्या तोंडाने खोटे सांगितले त्याने देवाला काय विचारावे, हे सुचेना.

तुमची खापरपणती आता पाळण्यात आहे, मुठी आवळून झोपते. आणि आज जेवताना तिची आई सहज म्हणाली, "आजी, तो शेवटचा भाग पाहाचा राह्यला न. दुपारी लावू." आतल्या खोलीत ती उशा रचते आहे. थोड्याच वेळात तिला ते उघडे शिखर दिसेल, आणि यापुढे मी सांगितलेले काय काय ती खरे मानील, कोण जाणे. म्हणून लिहायला बसले, तुमची क्षमा मागायला.

हाक आली. कागद पोथीच्या फडक्यात ठेवते, तो तिथेच राहील. क्षमा मागायची मात्र राहूनच गेली, बाबा. खरे सांगायचे तर, त्या शेवटापेक्षा मला माझाच शेवट अधिक आवडला आहे.