उर्मो भिंत

३ फेब्रुवारी. तार्तू विद्यापीठ.
महासंगणकावर माझं विश्व सुरू झालं. संगणकातल्या एका खोक्यात डार्क मॅटरचे, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचे, अब्जावधी कण सोडायचे. गुरुत्वाकर्षणाने तेच गोळा होऊन जाळं विणतात. शेजारच्या टेबलावरची लेलो हेच काम चिमुकल्या खोक्यात करते आणि दर आकडा तीनदा तपासते. तपासणं हा कमी बुद्धीच्या माणसांचा छंद.

१९ फेब्रुवारी.
सापडली! जाळ्याच्या टोकाला डार्क मॅटरची सरळसोट भिंत. आजवर कुणाला दिसली नाही. त्याला नजर असावी लागते. नाव: उर्मो भिंत. बायको हेल्वे म्हणाली, स्वतःचं नाव स्वतः ठेवतात का? तिचं पडद्यांचं दुकान आहे. क्षमा केली.

२० फेब्रुवारी.
लेलोने विचारलं, "भिंत नेमकी खोक्याच्या कडेलाच कशी रे? एका बाजूने बाहेर गेलेला कण दुसऱ्या बाजूने आत येतोय ना? नाहीतर कडेला साचतात." काय हा मत्सर!

५ मार्च.
तिचं तोंड बंद करायला दुप्पट मोठं खोकं. विभागाचा वर्षभराचा संगणकवेळ लागला. मे महिन्यात विभागप्रमुख वाल्लो निवृत्त होणार. नवा विभागप्रमुख कोण, हे वेगळं लिहायला नको.

२८ मार्च.
भिंत पुन्हा आहे! या वेळी नव्या कडेला. म्हणजे ती सरकते. एकात दोन शोध.

११ एप्रिल.
व्याख्यान दिलं. वाल्लोंनी चष्मा पुसला. म्हणाले, "उर्मो, भिंत विश्वात नाही रे बाबा, तुझ्या खोक्यालाच आहे." सगळे हसले. हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवली आहेत.

१२ एप्रिल. सकाळी.
कडेचे कण पलीकडून आत आणणारा प्रोग्राममधला स्विच बंद राहिला होता. बंद स्विच दिसेल असा ठेवायला नको का? बनवणाऱ्यांचा गलथानपणा.

४ मे.
लेलो विभागप्रमुख झाली. केक बेताचाच.

६ मे.
लेलो टेबलाशी आली. उपदेश ऐकायची तयारी ठेवली होती. एवढंच म्हणाली, "माइरेचं शेवटचं काम या वर्षीच्या संगणकवेळेवर अवलंबून होतं. तो आता उरला नाही. तिची शिष्यवृत्ती शरदात संपते. तिला तूच सांग."
गेलो. माइरे पीएचडी करते. तिच्याशी आजवर बोलल्याचं आठवत नाही. सगळं सांगितलं. स्विचपर्यंत.
तिने विचारलं, "मग मी आता काय करू?"
 खुर्ची ओढून बसलो आणि तिचं काम किती चिमुकल्या खोक्यात मावेल, ते विचारलं.