तारेच्या दोरावर गोधडी

अप्पा,

आज दुपारी मी जावयाला चिखलात ढकललं. दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून. लेकीच्या लग्नाला पाच महिने झालेत, मुलगा नाशिकचा, दोघं इथे जवळच हूटगळ्ळीला भाड्याच्या घरात राहतात, आणि त्याला मी आजवर 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. तो पांढऱ्या पँटसकट धपकन खाली बसला आणि मी त्याच्यावर ओरडले ती कन्नडमध्ये, थेट तुमच्या आवाजात. कचेरीत माझं बोलणं पलीकडच्या टेबलापर्यंत पोचत नाही म्हणतात. आज ते तळ्याच्या पलीकडच्या बांधापर्यंत गेलं असणार. घरी येऊन आंघोळ केली तरी नखांत तांबडी माती आहे, आणि मला इतका आनंद झालाय की कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. पण बस डेपोच्या ब्रेकडाउन गाडीवर सारा जन्म काढलेल्या माणसाशिवाय यातली गंमत कळणार कोणाला?

झालं असं की जावईबापूंनी नवी गाडी घेतली. उंच, काळी, चारही चाकांना जोर असलेली. आम्हा दोघींना घेऊन तो हुणसूरच्या पुढे एक तळं दाखवायला निघाला. डांबरी रस्ता चांगला होता, पण फोनने जवळची वाट दाखवली आणि आम्ही तंबाखूच्या शेतांमधून बांधाकडे उतरलो. आठवडाभर पाऊस. वरून माती नुसती ओली दिसत होती, आत लोणी. गाडी थांबली तशी त्याने ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल काचांवर उडाला, आणि मला मागच्या सीटवर बसूनही कळलं की गाडी खाली चाललीय. 'आई, टेन्शन घेऊ नका, फोर व्हील ड्राइव्ह आहे,' तो म्हणाला आणि पुन्हा दाबला. अप्पा, माझ्या जिभेवर आलं होतं, अरे बाबा, पाय काढ, जितकं फिरवशील तितकी कबर खणशील. पण बोलले नाही. जावयाला शिकवायचं कसं? त्यातून नव्या गाडीवरून, बायकोसमोर. वीस मिनिटं तो मान राखण्यात गेली आणि तेवढ्यात मागची चाकं निम्मी बुडाली.

तिथे बसल्या बसल्या मला तो दसऱ्याच्या सुटीतला रविवार आठवला. मी दहा वर्षांची. हट्ट करून तुमच्याबरोबर ब्रेकडाउन गाडीतून आलेली. खेड्यातली बस शेतात उतरलीय, गावातले पन्नास लोक जमलेत, जो तो हात दाखवून काहीतरी सांगतोय आणि तुम्ही कोणाचंच ऐकत नाही. एक तास नुसतं खणणं चाललंय. चाकांपुढची माती काढायची, पोटाखालची काढायची, दगड आणि झावळ्या घालायच्या. मला कंटाळा येतो. मग तारेचा दोर लागतो, हळूहळू ताठ होतो, आणि मला बसच्या पलीकडे सीताफळाचं झाड दिसतं. मी नव्या परकर-लंग्याचा घोळ उचलून दोरावरून पाय टाकणार इतक्यात तुम्ही कुठून येता कोण जाणे. तुम्ही मला असं ढकलता की मी तोंडावर आपटते. तोंडात माती. लोक हसतात. तुम्ही उचलत नाही, पुसत नाही, नुसते किंचाळता, 'दोर ओलांडतेस? दोर?' त्या दिवशी दोर तुटला नाही. काहीच झालं नाही. म्हणून तर मला तुमचा इतका राग आला. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी तुम्ही मला सायकलवरून डेपोत नेलंत. समजूत घालायला न्याल असं वाटलं होतं, वाटेत खोबरं मिठाई तरी घ्याल. तुम्ही मला ब्रेकडाउन गाडीच्या मागच्या बाजूला उभं केलंत, माझं बोट धरलंत आणि लोखंडी दाराला पडलेल्या एका खोकेत घातलंत. माझं बोट मुळापर्यंत आत गेलं. कडा आत वळलेल्या, रंग उडालेला. 'हे दोराचं काम,' तुम्ही म्हणालात. 'मी इथे उभा होतो, पाणी प्यायला स्वल्प बाजूला झालो.' बस्स, एवढंच. मग मला परत घरी आणून सोडलंत आणि ड्यूटीवर गेलात. आईला मी त्यातलं काही सांगितलं नाही. ती वेगळ्याच कारणाने तुमच्यावर चिडलेली असायची. तुम्ही घरातली कांबळी डेपोत न्यायचात, भिजवून ताणलेल्या दोरावर मधोमध टाकायला, म्हणजे दोर तुटलाच तर उडणार नाही, कांबळ्याच्या वजनाने खाली पडेल. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती म्हणायची, 'पोरांना पांघरायला कांबळं नाही आणि यांच्या दोराला थंडी वाजते!' तुम्ही हसायचात आणि ताट पुढे करायचात.

तर आज. शेतातून एक ट्रॅक्टरवाला आला, भला माणूस, लुंगी वर खोचलेली, मागे तारेचा दोर गुंडाळलेला. 'ऐदु निमिष, अम्मा,' म्हणाला. पाच मिनिटांत काढतो. त्याने वाकून दोराचा हूक गाडीच्या मागच्या बंपरला खालून अडकवला आणि ट्रॅक्टरवर चढला. दोर जमिनीवरून उचलला गेला, त्यातलं पाणी टपटप गळलं. आणि आमचे जावईबापू गाडीतून उतरून, दोराच्या बरोबर वर, दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून उभे! हातात फोन, व्हिडिओ घ्यायला. त्या क्षणी मला मान दिसला नाही, नाशिकची विहीणबाई दिसली नाही. मला ती दारावरची खोक दिसली, आणि दाराच्या जागी तो. 'पक्कक्के होगी! दूर!' त्याला कन्नड येत नाही, त्यामुळे बाजूला हो म्हटलेलं त्याला शब्दांनी नाही, हातांनीच कळलं.

ट्रॅक्टर थांबला. लेक तोंडावर हात ठेवून उभी. जावई चिखलात बसून माझ्याकडे बघतोय, फोन कुठेतरी उताणा पडलाय. ट्रॅक्टरवाला हसत म्हणाला, 'येनू आगल्ला अम्मा.' काही होत नाही, उगाच घाबरता. अप्पा, इथे मी एरवी ओशाळले असते, माफी मागितली असती. पण मला काय झालं होतं कोण जाणे. मी पदर खोचला आणि म्हटलं, फावडं आहे का? आहे. मग आधी फावडं, मग दोर. तुमचंच वाक्य, मराठीत आणि कन्नडमध्ये दोनदा म्हटलं. बंपर उपटून हातात येईल, तिथे नाही ओढायचं, गाडीला ओढायची कडी असते, ती कुठे आहे? हे जावयाला विचारलं. तो उठला, पँट झटकायचा प्रयत्न सोडून दिला, डिकीतल्या जॅकशेजारून एक जाड लोखंडी कडी काढून आणली. बंपरवरचं चौकोनी झाकण उघडून बसवायला गेला तर ती बसेना. 'उलटी फिरवून बघ,' मी म्हटलं. आटे उलटेच होते. कडी झर्रकन आत गेली तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला, आणि मी त्याला 'बघ' म्हणाले हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दोर जुना होता, दोनतीन ठिकाणी तारा सुटलेल्या. दुसरा नव्हता. म्हणून त्याच्यावर ओझं कमी पडावं इतकं खणायचं ठरवलं. तासभर खणलं, आलटून पालटून, मीसुद्धा. गाडीच्या पोटाखालची माती मी आडवी पडून हातांनी ओढली. चाकांमागे झावळ्या घातल्या, टायरमधली थोडी हवा सोडली. मग दोरावर टाकायला काहीतरी जड हवं होतं. डिकीत गोधडी दिसली. तळ्याकाठी बसायला आणलेली, विहीणबाईंनी हाताने शिवून पाठवलेली. 'आई, ती बेडा, ती नको!' लेक ओरडली. 'अत्तेंनी दिलीय ती, माझ्या सासूबाईंनी!' मी ती खड्ड्यातल्या पाण्यात बुचकळली, पिळलीसुद्धा नाही, आणि सैल दोरावर मधोमध टाकली. लेकीला दूर नारळापाशी पाठवलं, पावलं मोजून, दोराच्या लांबीपेक्षा लांब आणि बाजूला. जावयाला स्टिअरिंगवर बसवलं. खुणा मी एकटी करणार, बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. ट्रॅक्टरवाला आता हसत नव्हता. 'निधान,' मी म्हटलं. झटका नाही, सावकाश, निधान.

दोर उचलला गेला. गोधडी हवेत तरंगल्यासारखी वर आली, तिच्यातून धार लागली. गाडीने एक सुस्कारा सोडला, मागची चाकं झावळ्यांवर चढली, निम्मी गाडी वर आली! आणि फाट्. ट्रॅक्टरच्या टोकाशी तार तुटली. अप्पा, तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. दोर गाडीच्या मागच्या काचेच्या दिशेने उसळला, आणि गोधडीने त्याला तिथल्या तिथे खाली ओढलं. थप्प! चिखलात. काच शाबूत, काचेपलीकडे जावयाचं डोकं शाबूत. मी जावयाला म्हटलं, थांबू नकोस, ये, हळू ये. उरलेलं अंतर गाडी स्वतःच्या जोरावर झावळ्यांवरून आली आणि कडक जमिनीवर उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या. चक्क उड्या मारल्या, छप्पन्नाव्या वर्षी.

जावई उतरला आणि गोधडीपाशी जाऊन उभा राहिला. आधी जिथे पाय फाकून उभा होता ती जागा बघत होता. मग म्हणाला, 'आई, आता मला अहो-जाहो नका करू. एकदा ढकललंत ना, आता बास.' ट्रॅक्टरवाल्याने मला विचारलं, हे कोणी शिकवलं? मी तुमचं नाव आणि डेपो सांगितला. गोधडी दोन वेळा धुतली, तांबडा डाग जात नाही. विहीणबाईंना लेक फोन करतेय, आतून तिचं हसणं ऐकू येतंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, पोळपाटाखाली घडी करून ठेवीन आणि सकाळी फाडीन, कारण पुढचं वाक्य घरात कोणाच्या हाती लागायला नको. लेकीला मी पावलं मोजून लांब उभं केलं, पण गाडी वर यायला लागली तेव्हा चाक झावळीवर नीट चढतंय का बघायच्या नादात मी चार पावलं आत गेले होते. गोधडी दोराच्या मध्यावर होती, तुटलेलं टोक मोकळं होतं. ते माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर मातीत घुसलं. त्या क्षणी ट्रॅक्टरवाल्याची पाठ होती, जावई काचेआड, लेक पलीकडच्या बाजूला. कोणी पाहिलं नाही. मी त्या खड्ड्यावर पाय ठेवला आणि गाडी बाहेर येईपर्यंत काढला नाही. मला ओरडेल असं आता कोणी उरलेलं नाही, अप्पा. तुम्ही ओरडा.