ह्यांची मोटारबोट

रविवार, २१ जानेवारी २००१

आज धाकट्या भाऊजींनी ह्यांना ह्यांच्याच जुन्या लाकडी मोटारबोटीतून दिवसभर गोदावरीत फिरवलं. मीही होते. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी ती भंगारातून आणली आणि चार वर्षं खपून चालती केली. मग गेल्या वर्षी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. तेव्हापासून बोलणं गेलं, माणसं ओळखणंही.

संध्याकाळी परतताना मधेच इंजिन बंद पडलं. भाऊजी दोरी ओढून ओढून घामाघूम झाले. हे कान देऊन बसले होते. अचानक डावा हात पुढे केला, पेट्रोलचा कॉक फिरवला आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "आता ओढ."

इंजिन लागलं. भाऊजी ढसाढसा रडले. "वहिनी, दादा बोलला!"

मला काहीच वाटलं नाही. का? वाटायला हवं होतं. तो डावा हात मात्र सारखा डोळ्यांपुढे येतोय. किती सहज गेला कॉकवर.

घरी चहा देताना विचारलं, "अहो, मी कोण?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मग पाहुणीला म्हणावं तसं म्हणाले, "बसा ना."

मी बसले.